बिनमाथ्याची अक्षरं

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात दोनशे लाँचा एकमेकींना खेटून उभ्या असल्या, तरी कुठल्या लाँचीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, भिकाजीचा हात फिरलाय हे जुने खलाशी धक्क्यावरूनच सांगत. भिकाजीचं अक्षर तसं होतंच. पोटाशी गोल, पायाशी घट्ट आणि डाव्या अंगाला निळी सावली. पस्तीस वर्षं त्यानं होड्यांवर नावं काढली. आता स्टिकर आले, मशीनवर अक्षरं कापून देणारे आले, तरी जुलै उजाडला की बरेचसे मालक भिकाजीच्याच दारात येऊन बसत. कारण भिकाजीकडे एक रीत होती, ती स्टिकरवाल्यांकडे नव्हती.

रीत त्याच्या बापाची. नाव सगळं रंगवायचं, पण शेवटच्या अक्षराच्या माथ्यावरची रेघ तेवढी बाकी ठेवायची. पूजेच्या दिवशी नारळ फुटला की भिकाजी ब्रश रंगात बुडवी, दांडा पुढे करून मालकाच्या हातात देई आणि स्वतः एक पाऊल मागे सरे. मालक, नाहीतर त्याची म्हातारी आई, नाहीतर घरात आलेली नवी सून, जो कोण पुढे होईल त्यानं ती रेघ मारायची. मग होडी त्यांची. रेघ वाकडी आली तरी भिकाजी ती सुधारत नसे. आणि गंमत अशी, की ज्यांनी दर्यावर भल्याभल्या लाटा अंगावर घेतल्या, ते गडी हातात ब्रश आला की बावरून विचारीत, "कुठनं सुरू करू?" भिकाजी म्हणे, "डावीकडनं. श्वास सोडून. घाई नको."

तर अशा या भिकाजीला पोटच्या पोरीनं काढलेली अक्षरं कळेनात. आचाऱ्याला भात ओळखता येऊ नये तशातली गत झाली.

योगिनी एकुलती एक. लहानपणी बापाशेजारी उकिडवी बसून उरल्यासुरल्या रंगात बोटं बुडवायची. मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात तिचा नंबर लागला तेव्हा भिकाजीनं मिरकरवाडाभर पेढे वाटले. तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या शेवटच्या प्रदर्शनाला तिनं आईबापाला बोलावलं. दोघं नवे कपडे घालून गेली, आणि पाहतात तर खोलीच्या मधोमध मिठाची रास आणि राशीवर पालथी घातलेली मासळीची टोपली. बाकी काही नाही. तिचे सर, मॅडम, मैत्रिणी सगळे गंभीर चेहरे करून उभे होते. भिकाजीला वाटलं आपणही काहीतरी बोलायला हवं, म्हणून तो म्हणाला, "हे काय, कुणीही करील."

तो थट्टेनं बोलला होता. एकदोघं हसलेही. योगिनी हसली नाही.

तेव्हापासून फोनवर "जेवलात का? आईला द्या," याच्यापुढे बापलेकीचं बोलणं गेलं नाही. भिकाजीला ते काट्यासारखं सलत होतं. पण पोरीची माफी कशी मागायची हे होड्या रंगवताना त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मोठ्या माणसानं ते स्वतःहून शिकावं असंही त्याला कधी वाटलं नव्हतं.

डिसेंबरात एका रविवारी योगिनी दोन मैत्रिणींना आणि टेम्पोभर फळ्या घेऊन रत्नागिरीत आली. राम आळीच्या टोकाला एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर हॉल आहे, तिथं दिवसभर काहीतरी टांगत होती. दुपारी घरी येऊन बांगड्याचं तिखलं नि भात जेवली, आणि संध्याकाळी व्हिसाच्या कामाला परत मुंबईला निघाली. पुढच्या आठवड्यात ती दोन वर्षांसाठी जर्मनीला जायची होती. दारात चपला घालताना खाली बघूनच म्हणाली, "बाबा, उद्यापासून माझं काम लागतंय. शनिवारपर्यंत कधीही बघून या. रविवारी मी उतरवायला येईन, तेव्हा मला सांगा काय वाटलं."

"बरं," भिकाजी म्हणाला.

"आणि कुणाला विचारू नका. तुमचं तुम्ही बघा."

तीन वर्षांत ती त्याच्याशी एवढी वाक्यं बोलली नव्हती. रिक्षा वळेपर्यंत भिकाजी दारात उभा राहिला. या खेपेला चुकून चालणार नाही, एवढं त्याला पक्कं कळलं. आता तोंडून वेडंवाकडं गेलं तर पोरगी ते दोन वर्षं परदेशात उराशी घेऊन बसेल, आणि मग परत आली तरी आपली राहील की नाही कोण जाणे.

सोमवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो माडी चढला.

हॉलमध्ये तंगुसाच्या, गळाला लावतात त्या नायलॉनच्या दोऱ्यांनी छतापासून फळ्या टांगल्या होत्या. मोजल्या, एकेचाळीस भरल्या. फळ्या जुन्या, मोडीत निघालेल्या होड्यांच्या. कुठं खिळ्याचं भोक, कुठं काळवंडलेलं डांबर. प्रत्येक फळीवर हातभर उंच एकच पांढरं अक्षर. आणि अक्षर भिकाजीच्याच वळणाचं, पोटाशी गोल, पायाशी घट्ट, डावीकडे निळी सावली. ते बघून त्याचा ऊर भरून आला. मुंबईला जाऊन पोरीचा हात बिघडला नव्हता.

मग त्याच्या लक्षात आलं, की एकाही अक्षराला माथा नाही.

त्यानं चष्मा पुसला. क ला माथा नाही, प ला नाही, व ला नाही. एकेचाळीस अक्षरं, कौलं न घातलेल्या घरांसारखी उघडी बोडकी लोंबत होती. भिंतीवर एक कागद होता, त्यावर योगिनीचं नाव नि खाली 'एकेचाळीस अक्षरं' एवढंच. कागद ताकास तूर लागू देत नव्हता. पलीकडे हॉलचा जुना बोर्ड, 'कृपया हात लावू नये'. आणि दाराशी एका स्टुलावर पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा, झाकण सताड उघडं, शेजारी ब्रश.

इतर काही कळो न कळो, हे भिकाजीला कळलं. उघड्या डब्यात रंगावर साय धरते, आणि साय धरलेल्या रंगाची रेघ कधी सरळ येत नाही. "कोण रे हा शाणा," असं पुटपुटत त्यानं झाकण बसवलं, तळहातानं चारी बाजूंनी ठोकून घट्ट केलं आणि मगच त्याचा जीव शांत झाला. हॉलचा शिपाई बाबल्या खाली टपरीवर चहा पीत होता, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं.

घरी येताना त्यानं सगळी अक्षरं वीजबिलाच्या पाठीवर उतरवून आणली. त्याची बायको सगुणा कोळंबी सोलत होती. तिच्यासमोर बिल ठेवून तो म्हणाला, "ह्यातनं काय होतंय बघ."

सगुणानं ओले हात पदराला पुसले आणि वाचू लागली. दोघांनी मिळून 'कमळ' केलं, 'परत' केलं, 'मगर' केलं. मगरीपाशी दोघं थांबली. मगरीचा नि योगिनीचा काय संबंध हे काही जुळेना.

"तिनं कोणाला विचारू नको म्हणून सांगितलंन ना तुम्हाला?" सगुणा म्हणाली.

"तू कोण? तू काय कोणाच्यात येतेस?"

"मग मला म्हायती नाय. मला त्यात जेवण दिसत नाय नि कपडा दिसत नाय."

मंगळवारी भिकाजी विमलाबाईंना घेऊन गेला. विमलाबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, योगिनीला त्यांनीच मराठी शिकवलेलं. आपण विचारत नाही आहोत, फक्त बाईंना माडीवर नेतो आहोत, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. डबा पुन्हा उघडा होता. तो आधी बंद करून मग तो बाईंच्या मागे उभा राहिला. विमलाबाई हात मागे बांधून सगळ्या फळ्यांखालून फिरल्या, दोन ठिकाणी मान हलवली, एका ठिकाणी डोळे टिपले.

"भिकाजी, मुलीनं फार मोठी गोष्ट सांगितलीय. हे आपल्या भाषेचं मरण आहे. इंग्रजी शाळांनी मराठीचं डोकं उडवलं. धडं तेवढी लटकतायत."

"आणि एकेचाळीस का, बाई?"

विमलाबाईंनी बराच विचार केला. "ते तिच्या मनाला माहीत."

भिकाजी खुशीत घरी आला आणि भाषेचं मरण त्यानं सगुणाला जसंच्या तसं ऐकवलं. सगुणानं कढीत मीठ घातलं नि विचारलं, "मग सावली कशाला काढलीन? मेलेल्याला कसली आलीय सावली?" भिकाजी म्हणाला तुला कळत नाही. पण रात्रीपर्यंत ते त्याच्याही डोक्यातून जाईना. सावली काढायला वेळ लागतो. ज्याचं मरण दाखवायचं त्याची एवढी मेहनतीनं सावली कोण काढील?

बुधवारी धक्क्यावर रावजी भेटला. तीन ट्रॉलरचा मालक, आणि जगात त्याला ठाऊक नाही असं काही नाही. भिकाजीनं विचारलं नव्हतं. रावजी स्वतःच बायकोला घेऊन प्रदर्शन बघून आला होता, त्याला भिकाजी काय करणार?

"सोपं हाय ते," रावजी म्हणाला. "गुजराती हाय. वेरावळच्या बोटी येतात, त्यांच्यावरची अक्षरं बघ. माथा असतो का? नसतो."

"गुजराती कशाला लिवील ती?"

रावजीनं इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "गुजराती पोरगा असंल. घरात सांगायचा धीर झाला नसंल. आजकालची पोरं तोंडानं सांगत नायत, असं टांगून ठेवतात."

उंटावरचा शहाणा तो हाच, हे भिकाजीला ठाऊक होतं. तरी दुपारी त्याचा डोळा लागला नाही. तिन्हीसांजेला त्यानं सगुणाला सांगितलं. सगुणा म्हणाली, "पोरगा मासे खाणारा असंल तर माझी ना नाय." एवढंच. भिकाजीचं डोकं आणखी फिरलं. आपल्याला पोरीच्या अक्षरांचा अर्थ लागत नाही, आणि घरात जावयाच्या जेवणाची चर्चा चाललीय.

गुरुवारी तो एकटा गेला. झाकण उघडं. रोज कोण उघडतंय कोण जाणे. त्यानं ते लावलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिला. ठरवलं, की कुणाचं ऐकायचं नाही, नुसतं बघायचं. खिडकीतून वारा आला की फळ्या हळूच फिरत, अक्षरं पाठ करत, पुन्हा तोंड दाखवत. बघता बघता त्याला कधी वाटे आता कळणार, आत्ता जिभेवर येणार, आणि मग फळी फिरे. लोक येत होते, बरेच येत होते. कुणी मान तिरकी करून वाची, कुणी दोन अक्षरांच्या मध्ये उभं राहून फोटो काढी. डब्याला मात्र सगळे वळसा घालून जात, रंगवायला आलेल्या मजुरानं विसरलेली वस्तू असावी तसे.

दोन कॉलेजची पोरं क च्या फळीपाशी थांबली. एक म्हणाला, "रेघ मारायची राहिली वाटतं."

दुसरा म्हणाला, "सगळ्यांचीच? मग कामच अर्धवट टाकून गेलीय रे ती."

दोघं हसत निघून गेली. भिकाजी खुर्चीत ताठ झाला. मिठाच्या राशीला तो स्वतः हसला होता, ते त्याला आठवलं. पण त्याच्या पोरीला रेघ मारता येत नाही असं रत्नागिरीत कुणी म्हणावं, हे ऐकून त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

आणि त्या रागातच त्याला अर्थ लागला. निदान त्याला तसं वाटलं. विमलाबाई आणि रावजीच्या नादानं आपण तीन दिवस अर्थ शोधत फिरलो, आणि खरी गोष्ट सरळ समोर होती. काम राहिलंय. पोरगी एका दिवसात येऊन, टांगून, व्हिसासाठी पळाली. माथे मारायला तिला वेळ पुरला नाही. नाहीतर तो डबा तिथं कशाला राहिला असता? ब्रश कशाला राहिला असता? संकोचानं ती बोलली नाही एवढंच. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाली, म्हणजे दुसरं काय? शुक्रवारी दिवसभर त्यानं हा विचार उलटसुलट करून पाहिला, आणि दर वेळी तो खरा निघाला.

आता तुम्ही म्हणाल, की ज्या माणसानं आयुष्यभर शेवटची रेघ दुसऱ्यासाठी राखून ठेवली, त्याला त्या माथ्यांकडे बघून आपली रीत आठवू नये? नाही आठवली. रीत होती एका अक्षराची, तीही नावाच्या शेवटच्या. इथं नाव नव्हतं, होडी नव्हती, नारळ नव्हता. आणि बाप मुलीकडे बघतो तेव्हा आधी तिचं काय चुकलंय तेच बघतो.

शनिवारी दुपारी, बाबल्या जेवायला गेल्याची वेळ साधून, भिकाजी माडी चढला. खिशात वर्तमानपत्रात गुंडाळलेला त्याचा स्वतःचा ब्रश होता. दुसऱ्याच्या ब्रशनं तो काम करत नसे. त्यानं उघडा डबा क च्या फळीखाली आणला, वरची साय काडीनं बाजूला काढली, रंग ढवळला. एका हातानं फळी धरली, श्वास सोडला आणि डावीकडून उजवीकडे एक रेघ मारली. काय रेघ होती ती. तंगूस ताणून धरावा तशी. क एकदम उभा राहिला, माणसात आला. भिकाजी मागे सरून बघत राहिला. चाळीस राहिले, संध्याकाळपर्यंत होतील, असा हिशेब करून तो प कडे वळला.

"काय केलंत हे भिकूभाऊ?"

दारात बाबल्या उभा होता, हातात जेवणाचा डबा तसाच.

"राहिलं होतं रे तिचं. म्हटलं पुरं करून टाकू."

"राहिलं कुठलं? काम पुरं झालं असं योगिनीबाईंनी माझ्याकडं लिहून दिलंय, सहीनिशी. तुम्हाला तो बोर्ड दिसला नाय?" बाबल्यानं 'हात लावू नये' कडे बोट केलं. "आता उद्या बाईंना मी काय सांगू?"

भिकाजीच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे हे असंच होतं. असंच बिनमाथ्याचं हवं होतं, आणि आपण त्यावर रेघ मारून ठेवली. त्यानं ब्रश पुसला नाही, काही नाही, तसाच कागदात गुंडाळला आणि डबा स्टुलावर ठेवला. त्याही घाईत झाकण मात्र लावलं.

घरी तो न जेवता पडून राहिला. सगुणानं सगळं काढून घेतलं आणि सरळ उपाय सांगितला, "टर्पेंटाइननं पुसून टाका सकाळी. ओलं हाय तोवर निघंल. ती यायच्या आत."

"आणि बाबल्या?"

"बाबल्याला मी चार बोंबील देईन. बोलायचा नाय."

रविवारी सकाळी हॉल उघडताच भिकाजी टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी घेऊन क समोर उभा होता. बाबल्यानं नुकताच केर काढला होता, तो जिन्यात कठड्याला टेकून सगळं बघत होता. भिकाजीनं बाटलीचं बूच काढलं. चिंधी भिजवली. हात वर नेला आणि थांबला. पस्तीस वर्षांत त्यानं चुकलेल्या रेघा पुसल्या होत्या, चांगली रेघ कधी पुसली नव्हती. ही चांगली होती. चूक होती, पण चांगली होती. आणि पुसून पोरीला काय सांगायचं? बघितलं, छान वाटलं? तीन वर्षांचं बोलणं मिटवायला आलोय आणि सुरुवात लबाडीनं करायची?

"बाबा, बाटली कसली?"

योगिनी जिना चढून आली होती, पाठीवर सॅक तशीच. भिकाजीनं चिंधी लपवायचा प्रयत्न केला नाही.

"टर्पेंटाइन. पुसायला आणलं होतं. पुसवत नाय."

तिनं क कडे बघितलं. मग बापाकडे.

"काल मीच मारली," भिकाजी म्हणाला. "मला वाटलं, तुझं अर्धं राहिलं. मला काय कळलं नाय गो बाय. चारदा येऊन गेलो. तू नको म्हणालीस तरी विमलाबाईंना आणलं, रावजीचं ऐकलं, तुझ्या आईला विचारलं. काय म्हणजे काय कळलं नाय. तेव्हा तुझ्या कॉलेजात तोंड चाललं, आता हात चालला. माझं चुकलं. तेव्हाही चुकलं."

बोलून झाल्यावर त्यालाच नवल वाटलं. तीन वर्षं अडकलेलं ते इतकं छोटं होतं.

योगिनीनं सॅक खाली ठेवली. क जवळ जाऊन तिनं रेघेवर बोट टेकवलं, बोटाला किंचित पांढरं लागलं.

"एकच मारलीत?" तिनं विचारलं.

"काय?"

"एकच का?"

"बाबल्या आला."

ती वळली आणि स्टुलापाशी गेली. डबा उघडा होता, ब्रश कोरडा ठणठणीत. "सहा दिवसांत हा ब्रश कुणीच उचलला नाही?"

"मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी डबा उघडत होतो, बाई," बाबल्या घाईनं पुढे आला. "संध्याकाळी बंद करायला येतो तर बहुतेक दिवशी आधीच बंद. कोण करायचं देव जाणे. बाकी तुम्ही तो बोर्ड काढून ठेवला होतात तो मी परत लावला. हॉलमध्ये कार्यक्रम कसलाही असू दे, तो लागतोच."

भिकाजीच्या डोक्यात आता कुठं एकेक गोष्ट हलायला लागली. रोज सकाळी उघडा डबा. शेजारी ठेवलेला ब्रश. माथ्याशिवायची अक्षरं.

"झाकण मी लावत होतो," तो म्हणाला. "साय धरंल म्हणून."

योगिनी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. हसत हसत फळ्यांखाली जमिनीवरच बसली, आणि थोड्या वेळानं कळेना की ती हसते आहे की रडते आहे.

"तुम्ही म्हणाला होतात ना, कुणीही करील," ती डोळे पुसत म्हणाली. "फार लागलं होतं ते मला. मग म्हटलं, ठीक आहे, कुणीही करावं असंच काहीतरी करू. रंग ठेवला, ब्रश ठेवला, तुमची रीत ठेवली. वाटलं होतं, मिरकरवाड्यातलं कुणी आलं की ओळखेल आणि हात पुढे करील. निदान तुम्ही आलात की..."

"मी आलो नि झाकण लावलं."

"हो."

खाली आळीत एक स्कूटर सुरू होत नव्हती, तिचा आवाज तेवढा येत होता.

"पण एकेचाळीस कशाला?" भिकाजीनं विचारलं. हे त्याला आठवडाभर छळत होतं.

"तेवढ्याच फळ्या मिळाल्या."

भिकाजीनं मान डोलावली. हे एक तरी त्याला पूर्ण कळलं. मग तो फळ्यांकडे बघू लागला. "रीत माझी, ते ठीक. पण रेघ मालकानं मारायची असते. ह्याचा मालक कोण?"

योगिनी उठली. तिनं स्टुलावरचा ब्रश घेतला, रंगात बुडवला, डब्याच्या काठावर दोन्ही अंगांनी निथळवला, अगदी तो करायचा तसा. दांडा पुढे करून तिनं ब्रश त्याच्या हातात दिला. आणि एक पाऊल मागे सरली.

भिकाजीनं आजवर चारपाचशे माणसांच्या हातात असा ब्रश दिला असेल. त्याच्या हातात कुणी दिला नव्हता. देणार कोण? त्याच्या नावावर कधी होडी नव्हती, साधी डोणीसुद्धा नव्हती, आणि याचं आपल्याला वाईट वाटतं हे त्याला त्या घटकेपर्यंत ठाऊकही नव्हतं. ब्रश जड लागला. समोर प होता. पस्तीस वर्षांचा सराव कुठं गेला कळेना. त्यानं वळून पोरीकडे पाहिलं.

"कुठनं सुरू करू?" त्यानं विचारलं.

"डावीकडनं, बाबा. श्वास सोडून. घाई नको."

रेघ मधेच कापली आणि शेवटी जराशी खाली उतरली. भिकाजीच्या हातून गेलेली अशी रेघ बंदरात कुणी पाहिली नव्हती. योगिनीनं ती सुधारली नाही.

मग भिकाजीनं ब्रश डब्याशेजारी ठेवला, आणि सवयीनं त्याचा हात झाकणाकडे गेला. झाकण उचलून तो क्षणभर उभा राहिला. ते त्यानं शर्टाच्या खिशात घातलं, इस्त्रीच्या, ओल्या रंगासकट. "बाबल्या, तो बोर्ड काढ," तो म्हणाला, आणि सगुणाला, विमलाबाईंना नि रावजीला बोलावून आणायला जिना उतरू लागला.